इथे कोणी अर्चना राहत नाही

मागच्या महिन्यात एका दुपारी बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या उंद्रीच्या नर्सरीत एक फोन आला आणि सासऱ्यांनी तो ठेवूनही दिला. तेवढ्याने माझं केलेलं सगळं काम अडकलं...

आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. कोणत्या ट्रेमध्ये काय पेरलंय, कोणाचं बुकिंग आहे, रोप कधी तयार होणार, हे सगळं बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, तोंडपाठ असतं... मला काही ते जमेना. माझी नोकरी घरून सॉफ्टवेअरचीच, म्हणून कॉम्प्युटरवर चालणारं एक छोटं ॲप मीच बनवलं.

ते सुलतानपूरच्या एका ओळखीच्या नर्सरीवाल्यानेही मागितलं. पाठवलं तर त्याचा लगेच फोन. "वहिनी, उघडायले गेलो तं कॉम्प्युटर म्हणते हे कोनी बनवलं माईत नाही, धोका हाय. मी तं बंदच करून टाकलं."

त्याचं बरोबरच होतं. ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसेल तर कॉम्प्युटर त्याला अनोळखी समजतो. आणि मला ते ॲप स्टोअरवर टाकायचं होतं, तिथे तर सहीशिवाय दारातही उभं करत नाहीत.

मग पॅकेजिंगला बसले. सगळ्या फाइल्स एकाच इन्स्टॉलरमध्ये, वेगवेगळ्या मापांचे आयकॉन, आणि स्टोअरची अट अशी की इन्स्टॉलरने एकही प्रश्न न विचारता मुकाट्याने आपलं काम केलं पाहिजे... नव्या सुनेकडून असते तशी अपेक्षा. तेही जमलं एकदाचं.

राहिली सही. त्यासाठी एक कंपनी आपली ओळख तपासून सर्टिफिकेट देते. माझी कागदपत्रं पास झाली, शेवटची पायरी फोनची होती. तो फोन मी दिलेल्या नंबरवर येत नाही, आपल्या पत्त्यावर जो नंबर जाहीरपणे सापडतो त्यावर येतो. आमच्या पत्त्यावर शोधलं तर एकच नंबर सापडतो... नर्सरीचा. म्हणजे बाबांच्या खिशातला.

पलीकडच्या माणसाने अर्चना मॅडम आहेत का, असं विचारलं. बाबांनी सांगून टाकलं, "इधर कोई अर्चना नहीं रहती."

संध्याकाळी मला मेल आला. दिलेल्या पत्त्यावर अर्जदाराला कोणी ओळखत नाही, म्हणे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हाव, आला होता ना फोन. घडीघडी तेच इचारून राह्यला होता. म्हटलं फ्रॉड असन, देला ठेवून."

त्याचं असं आहे... कागदोपत्री मी अर्चना. डिग्री, पॅन, बँक, सगळीकडे. पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'राधिका' लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून घरात, गावात मी राधिका. कागद बदलायचा कंटाळा केला, म्हणून तिकडे अर्चना राहिली, आणि इकडे सगळे ते नाव विसरूनही गेले.

आधी मी हसले. नवरा बुलढाण्याला ऑफिसात होता, त्यालाही फोन करून गंमत म्हणून सांगितलं. मग तो मेल पुन्हा वाचला आणि खूप वाईट वाटलं... इतकी वर्षं ज्या घरात राहतेय, त्या घरात मला कोणी ओळखत नाही, असं कोणीतरी लिहून पाठवलं होतं.

काळजीही होतीच. आता फोनची एकच संधी उरली होती, ती हुकली की अर्ज रद्द. आणि एकदा लागवडीचा हंगाम सुरू झाला की कोणता नर्सरीवाला नवीन ॲप शिकत बसणार? माझं वर्ष गेलंच म्हणायचं.

जेवताना बाबांना सगळं समजावून सांगितलं. घुश्श्यातच सांगितलं. ते भाकरी मोडत ऐकत राहिले, मग म्हणाले, "राधिका नाव म्याच काढलं होतं. तुले काही इचारलं नव्हतं."

मी दुसरी भाकरी वाढली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मायेरी अर्चनाच म्हणत काय मंग?" म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई हसत सांगायला आल्या. बाबा ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरताना तोंडातल्या तोंडात अर्चना, अर्चना असं घोकत होते म्हणे... ऐनवेळी विसरायला नको म्हणून.

पुढचा फोन आला तेव्हा मी घरात लॅपटॉपवर आयकॉन नीट करत बसले होते. रोपांवर सावलीला बांधलेल्या शेडनेटकडून कोणीतरी "अर्चनाऽ" अशी हाक मारत होतं. रोपं काढायला येणाऱ्या बायकांपैकी कोणाला तरी बोलावत असतील, असं वाटलं आणि मी मान वर केली नाही. पुन्हा हाक आली, आणखी मोठ्याने... मी आपली स्क्रीनकडेच बघतेय.

शेवटी बाबा स्वतःच दारात आले. हाताला माती, फोन छातीशी धरलेला. "अवं, तुलेच बोलावून राह्यलो ना मी."

फोनवरच्या माणसाने नाव विचारून खात्री केली, बस. मी हो म्हटलं, डोळे भरून आले होते. बाबा दारातच थांबले होते, काम झालं की नाही ते बघत.

सर्टिफिकेट मिळालं. कालपासून ॲप स्टोअरवर आहे आणि त्याखाली प्रकाशक म्हणून माझं नाव आहे. बाबा अजूनही सवयीने राधिका म्हणतात, मधेच आठवलं की अर्चना... मी दोन्हींना ओ देते.

त्या पहिल्या फोनवरून मी बाबांवर रुसले होते. पण आता वाटतं, ते बोलले त्यात खोटं काय होतं? अर्चना या घरात राहतच नव्हती, तिची हाक मलासुद्धा ओळखू आली नाही... तिला हाका मारून मारून घरात आणलं ते बाबांनीच.