रबराचा हात

"तिचाच घ्या ना हात, मॅडम. त्या लोकांची कातडी चिवट असती. त्यांना काय होत न्हाई."

पडद्याच्या पलीकडून माझ्या वर्गातली प्रणिता बोलली. हळू, पण मला ऐकू येईल इतपत. मी अलीकडे खाटेवर आडवी होते. बाही कोपराच्या वर गुंडाळलेली. दंडाला रबरी पट्टी आवळलेली. डोळे पंख्यावर.

मला वाटलं, मॅडम तिला काहीतरी बोलतील. त्या आमच्या ट्यूटर. त्यांनीच आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं की नर्सला सगळे पेशंट सारखे.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "चला, लाईन करा."

पडदा सरकला आणि सगळ्या आत आल्या.

पहिलीची सुई शिरेच्या बाजूनं गेली. दुसरीनं शीर फोडली. प्रणितानं सुई आत ठेवूनच शीर शोधली. डावीकडे, उजवीकडे, कुलपात चुकीची किल्ली फिरवावी तशी. माझ्या तोंडून आवाज निघाला, हात हलला. मॅडमनी फाडकन माझ्या गालात मारली.

"पेशंट झालीस ना? मग पेशंट हलत नाही."

मी म्हणाले, "सॉरी."

सॉरी. मी.

नगरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी एएनएमला होते. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात रबराचा एक हात होता. सुई टोचायला शिकण्यासाठीच बनवलेला, आत शिरांसारख्या नळ्या असलेला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "भोकं पडली तर तपासणीला काय दाखवू?" तो हात कोरा ठेवायचा होता. म्हणून माझा.

आधी ठरलं होतं की आळीपाळीनं एकमेकींच्या हातावर शिकायचं. मग प्रणितानं हॉस्टेलवर माझी ट्रंक उघडी पाहिली. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो. "अच्छा," ती म्हणाली. एवढंच. तिच्या घरी ऊस, ट्रॅक्टर, दारात दोन गाड्या. तिचं "अच्छा" सगळ्या खोलीनं ऐकलं. त्यानंतर आळीपाळी संपली. माझ्या पाण्याच्या बाटलीला कोणी तोंड लावेना. माझ्या हाताला सुई मात्र सगळ्यांनी लावली.

मी बोलत नव्हते. माझं शिक्षण नेवाशाच्या इंग्लिश शाळेत. पप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर. त्यांना वाटायचं, पोरीला इंग्रजी आली की तिला कोणी काही बोलणार नाही. शाळेनं मला इंग्रजी दिली आणि ओठांवर बोट दिलं. "फिंगर ऑन युवर लिप्स." वर्गात शिरलं की बोट ओठांवर. शाळा सुटली, बोट तिथंच राहिलं. हॉस्टेलच्या मुली मला "कॉन्व्हेंट" म्हणायच्या. मी मान खाली घालून पुस्तक उघडायचे.

हात काळानिळा झाला. एकदा जेवताना प्रणितानं माझं मनगट चमच्याच्या टोकानं उचललं. "बघा गं, हात पण निळा. झेंडाच घेऊन फिरती ही."

सगळं टेबल हसलं. मी ताटातला भात कालवत राहिले. त्या भाताची चव अजून माझ्या तोंडात आहे. मातीसारखी.

तपासणी आली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "स्वेटर घाल."

"मॅडम, एवढ्या उन्हाचं?"

"ताप आहे म्हणून सांग."

मी स्वेटर घातला. रबराचा हात पिशवीतून बाहेर निघाला. पांढऱ्या चादरीवर ठेवला. तपासणीच्या बाईंनी विचारलं, "यावर सराव घेता ना?"

"रोज, मॅडम."

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. एक टोचा नव्हता त्यावर. त्यांनी मान हलवली आणि चहाला गेल्या. मी भिंतीला टेकून उभी. स्वेटरच्या आत घाम सुयांच्या भोकांत जात होता आणि झोंबत होता.

रविवारी सोनईला घरी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी पाणी घ्यायला वाकले आणि बाही सरकली.

"कुनी मारलं?"

"कोणी नाही. प्रॅक्टिकल असतं. सुई टोचायला शिकतात."

"कोन शिकतं?"

"वर्गातल्या मुली."

आईनं भाकरी उलटली. "अन् तू कुनाच्या हातावर शिकतीस?"

मी बाही खाली ओढली.

"इचारते मी. तुज्या हातात सुई दिली का न्हाई कुनी?"

"नाही."

तिनं पिठाचा हात तसाच धरला. माझ्याकडं पाहिलं. "मंग तू तिथं नर्स व्हायला गेलीस का खाट व्हायला?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती. परीक्षा तोंडावर होती. सरकारी दवाखान्यात, खऱ्या पेशंटच्या हातावर. सगळ्या जणी माझ्यावर शिकून पास होणार होत्या. मी, जिनं कधी सुई धरलीच नाही, मी नापास होणार होते. आणि मग त्याच म्हणणार होत्या, सवलतीवर आलेल्यांचं असंच असतं.

दुखणं मी सहन केलं होतं. हे नाही.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "ही फार हलते. बांधा."

बेभान पेशंटला बांधतात तसं बँडेजनं माझी मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधली. मी "नको" म्हणाले. कोणी ऐकलं नाही, किंवा माझा आवाजच निघाला नसेल. प्रणितानं माझ्या दंडावर गुडघा दिला. सुई आत गेली. फिरली. माझी मान कपाटाकडं वळलेली होती. काचेमागं तो रबराचा हात निजला होता. पिशवीत. सुखात. त्याला जपायला माणसं होती.

मी लाथ मारली.

प्रणिता ट्रेसकट खाली गेली. मी डावा हात ओढला. बँडेज चामडीसकट निघालं. दातांनी उजवी गाठ सोडली, सुई उपसून फेकली. रक्त माझ्या एप्रनवर, चादरीवर, प्रणिताच्या गालावर.

"वेडी झालीस का?" मॅडम ओरडल्या. "तुझे मार्क माझ्या हातात आहेत!"

सलाईनचा लोखंडी स्टँड माझ्या हातात होता. सगळ्या भिंतीला चिकटल्या. प्रणिता जमिनीवर, हात डोक्यावर घेतलेले. खरं सांगते, क्षणभर मला तिचं डोकंच दिसत होतं. मी स्टँड उचलला.

आणि कपाटावर घातला.

काच फुटली. पुन्हा घातला. उरलेली पण पडली. आत हात घालून रबराचा हात काढला, पिशवी फाडली, आणि माझा हात जिथं असायचा तिथं, त्या रक्ताच्या चादरीवर तो ठेवला.

मग खाली सांडलेल्यातलं सुईचं एक बंद पाकीट उचललं. फाडलं. सुई बोटांत धरली. पहिल्यांदा.

मॅडम दाराकडं सरकत होत्या. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. ओठांवरचं बोट गळून पडलं होतं.

"मला दुखतं," मी म्हणाले. "पहिल्या सुईपासून दुखतंय. ऐकलंत सगळ्यांनी? मला दुखतं. आजपासून हा रबराचा हात सगळ्यांचा. आणि माणसाचाच पाहिजे असेल, तर पाळी लागेल. शिकायचंय आता मला. पहिली पाळी तुमची, मॅडम. बाही वर करा."