गेटवर ओलं, आत कोरडं

पुण्याच्या एका सल्लागाराने मला फसवलं. नाव घेत नाही. वाचताना त्याला कळेल.

लोहा गावच्या अडतीवर पोती उचलत मी वर आलो. आज नांदेडात माझं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, पण घासाघीस केल्याशिवाय मी अजून भाजीसुद्धा घेत नाही. लातूरचे एक तेलमिलचे मालक मात्र माझ्याहून वस्ताद निघाले. चहावर चहा झाल्यावर सौदा ठरला. गेटवरचं यंत्र प्रत्येक गाडीतल्या सोयाबीनचा ओलावा मोजणार, ती नोंद लगेच आतल्या कॉम्प्युटरकडे जाणार आणि तिथे भाव निघणार. लातुरातलं हे माझं पहिलं काम. ते फसलं असतं तर त्या बाजारात मला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

सॉफ्टवेअर मी त्या पुण्याच्या सल्लागाराकडून लिहून घेतलं. नोंद दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायची तर ती आधी गाठोड्यासारखी बांधावी लागते आणि पलीकडे गाठ सोडून उघडावी लागते. त्याने ओलाव्याचा आकडा यंत्राच्या चालू जोडणीसोबत एकत्र ठेवला होता. चालू जोडणी बांधता येत नाही, म्हणून एरर आली. या पठ्ठ्याने त्या अख्ख्या भागावर ‘हे बांधू नये’ अशी खूण करून टाकली. एरर गेली, आणि आकडाही गेला; पलीकडे त्या जागी नुसतं शून्य. टेस्टमध्ये हे दिसलंच नाही, कारण सगळ्या टेस्ट एकाच लॅपटॉपच्या मेमरीत चालायच्या. तिथे बांधाबांध नव्हतीच. नोंद होती तशी पुढे सरकायची. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. साहेब हात झटकून पुण्याला गेले.

हंगाम सुरू झाला आणि मालकांचा फोन आला.

“नांदेडकर, भिजलेली सोयाबीन हाय अन् तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय ओलावा शून्य! लोकांनी भाजून आणली का काय?”

“मालक, यंत्र बिघडलं असेल.”

“यंत्र बरोबर दाखवून राहिलंय. गेटपासून आत येईस्तोवर सुकून राहिली का सोयाबीन?”

मी ऑफिसातल्या प्रोग्रामर मुलींना घेऊन तडक लातूर गाठलं. वाटभर फोनवर सल्लागाराला शिव्या घातल्या. गेटवर गाड्यांची रांग होती. मालकांनी माणसं बसवून हाताने भाव काढायला लावले होते आणि रांगेतल्या शेतकऱ्यांना सांगितलं होतं, “आमची वायर सुटली.” माझं नाव कुठेच काढलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर गेटवरच तमाशा केला असता.

मला बघून म्हणाले, “आधी जेवा. भांडायचं मग बघू.”

जेवलो. मग अडतीवरची पद्धत मुलींना सांगितली: हातावरचा नमुना बघायचा नाही, पोतं शिवून, उतरवून, मग सळई खुपसून आतला माल बघायचा. त्यांनी टेस्ट तशीच केली. प्रत्येक नोंद बांधायची, सोडायची, मगच पुढे न्यायची. टेस्ट लगेच लाल झाली, नेमकी ओलाव्यावर. आकडा जोडणीपासून वेगळा काढला आणि भाव बरोबर निघू लागले. मालकांनी पुढच्या हंगामाचं कामही मलाच दिलं, तेही फारशी घासाघीस न करता. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सल्लागार अजून एकच सांगतो, “टेस्ट तर हिरव्या होत्या.” हे उत्तर मी घेत नाही. साहेब, ती खूण करताना आपण काय टाकून देतोय हे तुम्ही बघितलं होतं का नव्हतं? मालकांनी झाकलं नसतं तर त्या रांगेपुढे तुम्ही उभे राहिला असता का? बोला.