माश्यांचं सुतक

क्लेमांस पेरीगोला आमच्या गावात कुणी घरी ये म्हणत नसे. तिला बोलवावंच लागे, ही गोष्ट वेगळी. गावात कुणी गेलं की मयताला न्हाऊ घालायचं, आरशावर चादर टाकायची, भिंतीवरचं घड्याळ बंद करायचं, हे तिचं काम. परसात मधमाश्या असल्या तर दाराची किल्ली घेऊन ती तिकडे जाई, पेटीपेटीवर टकटक करून सांगे की धनी गेला, आता अमुक तुमचा धनी. आणि काळं फडकं बांधी. सुतक संपलं की तीच सोडी. माश्यांना कळवलं नाही तर त्या रुसून निघून जातात. नातलगही रुसतात, पण ते निघून जात नाहीत.

अनातोल भातारे उघड्या हातांनी पेट्या उघडायचा. त्याच्या मुलाला, रेमीला, मात्र माश्या कुंपणापाशीच गाठत. त्या फेब्रुवारीत अनातोलची छाती भरली. पाद्री शेवटचं तेल लावून गेला आणि सून ओदेतनं क्लेमांसला सांगून ठेवलं की आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लेमांस आपणहून आली. अंगणातूनच तिला खिडकीत घड्याळ दिसलं. काटे थांबलेले. म्हणजे आटोपलं, आणि सुनेला रीतभात आहे, असं तिनं धरलं. माश्यांना उशीर खपत नाही. दाराची किल्ली काढून ती थेट परसात गेली.

घड्याळ थांबलं होतं हे खरं. त्याला चावी अनातोल द्यायचा, आणि तो अंथरुणात होता.

सगळं उरकून ती आत आली तर अनातोल उशीला टेकून बसलेला. पहाटे ताप उतरला होता. तळाशी उरलेल्या सूपमध्ये तांबडी वाइन ओतून, वाडगा तोंडाला लावून तो पीत होता.

"ये बाई," तो म्हणाला. "जरा लवकर आलीस." मग त्याला तिच्या हातातली किल्ली दिसली. खिडकीबाहेर बघून त्यानं वाडगा खाली ठेवला. "कुणाचं नाव सांगितलंस?"

"रेमीचं."

"मग जा आणि चुकलं म्हणून सांग."

"ते आईनं शिकवलं नाही मला," क्लेमांस म्हणाली. "कळवायचे शब्द आहेत, अनातोल. परत घ्यायचे नाहीत."

फडकी तरी सोड, असं ओदेत म्हणाली. न झालेल्या मरणाचं सुतक कसं फिटणार, असं क्लेमांसनं विचारलं. फडकी राहिली. तेव्हापासून गावात कुणाचं घड्याळ बंद पडलेलं मी पाहिलेलं नाही.

अनातोल हिंडूफिरू लागला. मे महिन्यात बाभळी फुलल्यावर तो पेट्यांकडे गेला, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना नेमकं कुंपणालगतचं गवत काढायचं होतं. पहिलं झाकण उचलताच माश्या त्याच्यावर तुटून पडल्या. हवा बरी नाही, असं तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला. पुढच्या खेपेलाही हवा बरी नव्हती. मग रेमी थरथरत गेला, आणि माश्या त्याच्या बाहीवर घरच्यासारख्या फिरू लागल्या.

अनातोलनं हे खिडकीतून पाहिलं. त्यानंतर तो परसाकडे पाठ करून बसू लागला. एकदा टेबलावर पाव पालथा पडला. आमच्याकडे पालथा पाव अशुभ. ओदेत तो सुलटा करायला धावली.

"राहू दे," तो म्हणाला. "आमचं सांगून झालंय."

घड्याळाला चावी आता ओदेत देई. लोक अनातोलला रस्त्यात नमस्कार करत, पण आधी क्षणभर थांबून.

ऑक्टोबरात चेस्टनट गळायला लागले तेव्हा अनातोल गेला. ताप नाही, खोकला नाही. क्लेमांसनं न्हाऊ घातलं, आरसा झाकला, चालू घड्याळ स्वतःच्या हातानं थांबवलं. रेमीनं दाराची किल्ली पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

परसात फडक्यांचा रंग उडून राखाडी झाला होता. नवी आणू का, असं रेमीनं विचारलं.

"कशाला? यांचं फिटलं," क्लेमांस म्हणाली, आणि एकेक गाठ सोडू लागली. माश्या तिच्या हातांवरून येत-जात होत्या. आत ओदेतनं नुकताच रडायला सूर लावला होता.