फोनवर नसलेला किल्लीदार

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, पडताळणीच्या बाईंच्या खोलीत, किल्लीदाराने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही, सरकवला नाही. झोपी गेलेले मूल खाली ठेवावे तसा दोन्ही हातांनी ठेवला. त्या जुडग्यात औषधांच्या कोठाराची किल्ली होती, शस्त्रक्रियेच्या दालनाची होती, गच्चीची होती, आणि जिथे वर्षानुवर्षे कोणी फिरकले नाही अशा तळघरातल्या एका कपाटाचीही होती. प्रत्येकीचे दात त्याची बोटे अंधारात ओळखत. आज त्या साऱ्या परक्या टेबलावर पडल्या होत्या, आणि त्याची कमर हलकी झाली होती. असा हलकेपणा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

इस्पितळाचा कारभार नुकताच एका नव्या कंपनीकडे गेला होता. कंपनीने आल्या आल्या जुन्या साऱ्या माणसांची पार्श्वभूमी तपासायला घेतली. आधी कुठे होता, काय करत होता, आणि ते खरे म्हणून सांगेल कोण? किल्लीदाराने सरळ सांगितले होते, की मिसरूड फुटल्यापासून केस पिकू लागेपर्यंत आपण कुलपांच्या एका दुकानात कारागीर होतो. दुकानाचा नंबरही त्यानेच दिला होता.

“आम्ही तिथे फोन केला होता, काका,” बाई म्हणाल्या. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या, बोलण्यात उगाच ताठा नाही. “तुमचं पूर्ण नाव सांगितलं, वर्णन सांगितलं. उत्तर आलं, असा कोणी माणूस इथे नाही आणि कधी नव्हता. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणून पुन्हा केला. तेच उत्तर.”

“कोण बोललं?”

“एक बाई होत्या. अगदी ठाम.”

“कुठे अडखळली नाही ना?”

“जराही नाही.”

“मग बरोबर आहे,” किल्लीदार म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू आले.

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. “काका, अनुभव खोटा दाखवला म्हणून तुमची नोकरी आजपासून बंद होतेय. आणि तुम्ही म्हणताय बरोबर आहे?”

“त्या दुकानाची रीतच आहे ती. फोनवर कारागिराची ओळख द्यायची नाही.”

“सापडलेल्या प्रत्येक माणसाकडे काहीतरी रीत असते, काका. मागच्या आठवड्यात एकाच्या मालकाला विस्मरण झालं होतं.” त्यांनी समोरचा कागद उलटला. “फेरतपासणी मागता येते. आठवड्याच्या आत. पण उत्तर फोनवरच यावं लागेल, त्याच नंबरवरून.”

“तो नंबर फोनवर कधी हो म्हणणार नाही.”

“मग मी काय करू?”

“तुमचं काम तुम्ही केलंत, तिचं काम तिने केलं. आता माझं मला करू द्या,” असे म्हणून किल्लीदार उठला आणि आवाज न करणाऱ्या पावलांनी जिना उतरून गेला. वाटेतल्या दोन परिचारिकांनी त्याला ओळखलेच नाही. त्या नेहमी त्याला कानांनी, किल्ल्यांच्या खुळखुळाटावरून ओळखत आल्या होत्या.

आता ही रीत काय, ते ऐकायला हवे. कुलपाचा कारागीर म्हणजे साऱ्या शहराचे मिटलेले तोंड. ज्याने एकदा तिजोरी उघडून दिली, त्याच्या बोटांना ती पुन्हा उघडता येते. म्हणून वाईट बुद्धीचा माणूस कुलपाच्या मागे लागत नाही, कारागिराच्या मागे लागतो. फार वर्षांपूर्वी असाच एक गोड आवाज फोनवर आला होता. अमका कारागीर तुमच्याकडेच ना, सुटतो किती वाजता, जातो कुठल्या रस्त्याने? दुकानातल्या कोणीतरी भोळेपणाने सारे सांगितले. त्या संध्याकाळी तो कारागीर घरी पोहोचला तो मनगट मोडून घेऊन. तोंड मात्र त्याने उघडले नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना उभे केले आणि सांगितले: न दिसणाऱ्या आवाजाला या दुकानातला कोणीही ठाऊक नाही. ज्याला विचारायचे आहे त्याने उंबरठ्यावर यावे, तोंड दाखवावे, पाणी प्यावे, मग विचारावे.

हा नियम पुष्कळांनी पाळला. किल्लीदाराने तो जपला. नाम जपावे तसा जपला. इतका, की एकदा त्याच्या बायकोने शेजारच्या घरातून फोन करून विचारले, आमचे हे आहेत का, तर फोन ह्यानेच उचललेला, आणि आवाज ओळखण्याआधी तोंडातून निघून गेले, “असा कोणी इथे नाही.” संसार मोडता मोडता राहिला.

ती बायको आज शिवणाच्या यंत्रावर पडद्याची किनार घालत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग कमरेकडे.

“किल्ल्या कुठे आहेत?”

“नोकरी गेली. दुकानाने फोनवर मला ओळख दिली नाही. फेरतपासणी मागता येते म्हणे.”

तिने पाय थांबवला. आणि मग ती हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अहो, मला तुम्ही ओळख दिली नाहीत, तेव्हा मी कुठे फेरतपासणी मागायची होती?”

“पुरे झालं.”

“पुरे कसं? एवढी वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची.” डोळे पुसता पुसता तिचा स्वर उतरला. “पण खरं सांगा. नाहीच झालं काही, तर?”

किल्लीदार खुर्चीवर बसला. त्याचा हात आपोआप कमरेशी गेला आणि रिकामा परत आला. नोकरी जाणे एक, आणि खोटा ठरून जाणे दुसरे. सुताराला खोटा म्हटले तरी त्याच्या हातात कोणी रंधा देईल; ज्याच्यावर खोटेपणाचा डाग लागला, त्याच्या हातात किल्ली कोण देणार? हे त्याला कळत होते. तिलाही कळत होते.

“होईल,” तो म्हणाला. “मी खरा आहे. खऱ्याला फक्त चालत जावं लागतं. उद्या दुकानात जातो.”

“चिडून जाऊ नका.”

“चिडलेला दिसतोय का?”

“दिसत नाही, म्हणूनच सांगते.”

दुकान तसेच होते: लांबट, अरुंद, भिंतींवर कुलपे टांगलेली, हवेत तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास. आतल्या बाजूला दोन कारागीर कानशीने किल्ल्यांना दात पाडत होते. मालक आता या जगात नव्हते. त्यांची मुलगी दुकान चालवत होती. लहानपणी काडीसारखी होती म्हणून तिला बारकी म्हणत. आता ती चांगली धिप्पाड झाली होती, तरी नाव बारकीच. तिला कानस धरायला किल्लीदारानेच शिकवले होते. गल्ल्यापाशी, फोनच्या शेजारी, तिची आई बसलेली. किल्लीदार तिला वहिनी म्हणे.

“बारके, इस्पितळातून फोन आला होता?”

“आला होता की. दोनदा.” बारकीची मान ताठ झाली. “दुसऱ्यांदा तर फार गोड बोलून विचारत होती. मी म्हटलं, बाई, तुमचा नंबर चुकला. काका, एक शब्द काढू दिला नाही मी तिला.”

“शाबास.”

तेवढ्यात बारकीची नजर त्याच्या कमरेवर गेली. “किल्ल्या कुठे आहेत?”

त्याने सांगितले. ऐकता ऐकता ती मटकन स्टुलावर बसली. “म्हणजे मीच घालवली तुमची नोकरी.”

“तू नियम राखलास. हो म्हणाली असतीस, तर तुला ओरडायला आलो असतो.”

“नोकरी असताना ओरडायला आला असतास, तर जास्त बरं झालं असतं,” गल्ल्यावरून वहिनी म्हणाली.

बारकी उठली. “थांबा, आत्ता फोन लावते आणि सगळं सांगते.” तिने फोन उचललासुद्धा, पण किल्लीदाराचा तळहात आधीच बटणांवर पडला होता.

“फोनवर नाही.”

“काका, तुमच्या पोटाचा प्रश्न आहे.”

“आत बसलेत त्यांना पोटं नाहीत? आज माझ्यासाठी हो म्हणशील. उद्या त्यांच्याबद्दल कोणी विचारलं, तर तुझी जीभ अडखळेल. आणि अडखळली की समोरच्याला उत्तर मिळालंच.” त्याने हात काढला नाही. “मालकांनी बंदी घातली ती आवाजाला. माणसाला नाही. चल माझ्याबरोबर, तोंड दाखवून सांग.”

आतला कानशीचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

बारकीने हात धुतले, केस नीट केले, आणि दुकान आईवर सोपवून निघाली. इस्पितळात पडताळणीच्या बाईंनी तिचे सगळे म्हणणे मधे न बोलता ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, “हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही त्या दुकानाच्या आहात, हे मी कशावरून मानू?”

बारकीने किल्लीदाराकडे पाहिले.

“प्रश्न योग्य आहे,” किल्लीदार म्हणाला. “मीही हाच विचारला असता.”

बाईंनी तोच नंबर लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून वहिनीचा स्वर आला. “बोला.”

“तुमचं दुकान चालवणाऱ्या बाई आहेत का?” पडताळणीच्या बाईंनी बारकीचे पूर्ण नाव सांगितले.

“अशी कोणी इथे नाही.”

“तुमची मुलगी नाही का ती?”

“मला मुलगी नाही.”

बारकी छताकडे पाहू लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले, आणि चिकाटीने विचारले, “बरं, दुकान तरी तुमचंच ना, काकू?”

“कोणाचं दुकान? मी इथे सावलीला बसलेय.” आणि फोन बंद झाला.

बाईंनी फोन हळूच खाली ठेवला.

“सख्खी आई आहे,” बारकी शेवटी म्हणाली. “नऊ महिने पोटात वागवलंय, असं दर आठवड्याला ऐकवते.”

बाईंनी ओठ दाबून धरले होते. ते सुटले, आणि त्या हसल्या. किल्लीदाराला मात्र हसू आले नाही. हो म्हणणारी माया जगात पुष्कळ असते. दोन हात पसरून ती दारातच उभी राहते. पण पोटच्या लेकीला, लेकीच्याच रक्षणासाठी, नाही म्हणणारी माया ही फार आतल्या गाभाऱ्यातली. तिला ओवाळणारे कोणी नसते. ती अंधारात उभी असते आणि राखण करत असते.

हसू ओसरल्यावर बाई गंभीर झाल्या. “एवढ्यावर मला ‘खरं’ असं लिहिता येणार नाही, काका. पण ‘खोटं’ असं जे लिहिलंय, त्याची आता मला टोचणी लागेल. मी तिथे आले, तर त्या बोलतील?”

“उंबरठ्यावर आलात तर खूप बोलतील.”

“पद्धतीत बसत नाही ते.”

“नाही बसत,” किल्लीदार म्हणाला. तो आर्जवे करीना, उठूनही जाईना. शांत उभा राहिला.

“उद्या जेवणाच्या सुट्टीत येते,” बाई म्हणाल्या.

आणि त्या खरोखर आल्या. उंबरठ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी प्रथम आपल्या फोनवरून नंबर लावला. गल्ल्यावरचा फोन त्यांच्या डोळ्यांदेखत वाजू लागला. वहिनीचा हात सवयीने तिकडे गेला.

“आई, उचलू नकोस,” बारकी म्हणाली. “त्या समोर उभ्या आहेत.”

वहिनीने पाहुणीला वरपासून खालपर्यंत पाहिले. स्टूल पुढे केले, पाण्याचा पेला दिला, आणि तो रिकामा होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “हं. विचार आता, काय विचारायचं ते.”

“हे इथे काम करत होते?”

किल्लीदार आत, किल्ली घट्ट धरून ठेवणाऱ्या शेगड्यापाशी उभा होता. एका कारागिराने त्याच्या हातात एक अर्धवट किल्ली दिली होती, काहीतरी करत राहावे म्हणून. ती घासायची सोडून तो ऐकू लागला.

“काम?” वहिनी म्हणाली. “बाई गं, पहिलं कुलूप बनवलं ते तीनदा परत आलं. गिऱ्हाईक म्हणे, हे बंदच होत नाही. तरी आमच्या ह्यांनी ह्याला घालवलं नाही. हट्टी असा, की एक किल्ली लागेना तर जेवायला उठायचा नाही. गातो फार वाईट, तेही लिही. पण हे आजारी पडले ना, तेव्हा वर्षभर दुकान ह्यानेच उघडलं आणि ह्यानेच लावलं. सगळ्या किल्ल्या ह्याच्याकडे. आणि मालकांची खुर्ची इथे रिकामी. दिवसभर उभा राहून काम करायचा, पाय सुजायचे. मी म्हणायची, बस रे जरा. तर म्हणे, वहिनी, ते येऊन बसतील.” तिने पदर सारखा केला. “ते काही आले नाहीत. पण हा बसला नाही. आता तूच सांग, इथे होता म्हणू, की नव्हता म्हणू?”

आत किल्लीदाराने मान खाली घातली आणि कानस चालवायला घेतली. दात वाकडा पडला. त्याच्या आयुष्यात इतका वाकडा दात पहिल्या कुलपानंतर प्रथमच पडला असेल.

जाताना बाई आत डोकावल्या. “काका, शेवटची सही वरच्यांची. पण ‘खोटं’ हा शब्द मी आज माझ्या हाताने काढतेय, आणि तो निघाला की तुम्हाला अडवायला त्यांच्याकडे काही उरत नाही. सोमवारी या. जुडगा माझ्या कपाटात आहे.”

“येतो,” तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “तोवर एक सांगून ठेवा. बाळंतिणींच्या विभागाचं मागचं दार खाली टेकलंय. किल्ली अर्धी फिरवायची, दार जरासं उचलून धरायचं, मग पुढे फिरवायची. जोर करू नका म्हणावं, मोडेल.”

“अर्धी फिरवायची, दार उचलायचं, मग पुढे,” बाईंनी मनाशी घोकले, आणि त्या रस्त्याला लागल्या.