नानांची वेगळी पंचायत

मी वस्ती सोडली त्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक फाट्यापर्यंत तात्यांनी आणली. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. वाटेत, वस्तीकरांनो, तुमच्यातले बरेच जण ओट्यांवर बसलेले होते. एकानंही "निघालीस का गं?" म्हटलं नाही, कारण तात्या बरोबर होते. येवल्याहून नाशिकची एस.टी. आली, ट्रंक टपावर चढली. मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

तुम्ही विसरला असाल. आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरायची आणि आपली बौद्धवस्ती पायरीखाली उन्हात उभी. ठराव आत व्हायचे, अंगठे बाहेर घेतले जायचे. एक दिवस माझ्या वडिलांनी, नानांनी, सांगून टाकलं, आमची पंचायत वेगळी करा. काय कालवा झाला! सरपंच म्हणाले, "गाव म्हंजे एक घर. घर फोडता व्हय?" म्हणजे बघा, आत घ्यायचं नाही आणि बाहेर जाऊही द्यायचं नाही! नाना म्हणाले, "राहायचं का जायाचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. धरून ठेवणारे तुमी कोण?" नानांवरून जीव ओवाळून टाकावासा वाटला मला.

तात्यांना मात्र ते पटेना. "त्या मंडपात बसायचा माझा हक्क हाय," ते म्हणायचे. "निघून गेलो तर त्यांचंच फावलं. मी गावातच राहून भांडणार." यात काय चुकलं हो त्यांचं? पण वस्तीत लगेच कुजबुज सुरू, तात्या फितूर झाले. मी नानांना म्हटलं, "ज्याचं त्यानं ठरवायचं ना?" नाना खेकसले, "गप बस. वस्ती एक हाय." तो आवाज मला अगदी गावच्या सरपंचांचा वाटला.

पंचायत मिळाली. निळा गुलाल उडाला, नाना सरपंच झाले. नव्या खोलीत पहिली सभा भरली, तशी तात्याही आले. "मला नको होती, पन झाली तर माझीबी हाय," म्हणाले. दारातल्या पोरांनी त्यांना अडवलं. "तुमी गावाचे. पायरीखाली थांबा." नाना आत खुर्चीवर होते. त्यांनी मान वर केली नाही. तुम्हीही कुणी हूं की चूं केलं नाही. भर उन्हात तात्या सभा संपेपर्यंत उभे राहिले. माझं डी.एड. झालेलं होतं. मिळेल ती नोकरी धरायची आणि इथून सुटायचं, हे मी त्याच दुपारी ठरवलं.

नाशिकनं काही मला मांडीवर घेतलं नाही. आडनाव ऐकलं की घरमालकांची रूम एकदम 'गेलेली' असायची. शेवटी द्वारका चौकापाशी एक सिंगल रूम मिळाली. म्युनिसिपालटीच्या शाळेत सकाळची शिफ्ट, दुपारी ट्यूशन, स्टोव्हवर एकटीपुरता भात. वस्तीत भाकरी एकटीनं खाल्ल्याचं मला आठवत नाही. सणाला फार वाईट वाटायचं. तरी मी आले नाही.

काही वर्षांनी तात्या आजारी पडून माझ्याकडे आले. सिव्हिलला ठेवलं, पण ते हाती लागले नाहीत. जाण्याआधी एवढंच म्हणाले, "मला परत नेऊ नको गं. लय भांडलो. आता नाय."

नाना जीप घेऊन आले. "आपल्या मातीत नेतो. आपला माणूस हाय."

"त्यांना यायचं नव्हतं, नाना."

"मेलेल्या माणसाला कोन इचारतं?"

"जिवंतपणी तरी कुठं विचारलंत?"

नानांनी जीपवाल्याला बाहेरच थांबायला सांगितलं. तात्यांना इथंच अग्नी दिला. नानांनी खांदा दिला, रडले. खोटं कशाला सांगू, मला त्यांची दया आली नाही. ज्यांनी आम्हाला धरून ठेवलं ते म्हणत होते आपण एक. ज्यांनी तात्यांना बाहेर ठेवलं तेही म्हणत होते आपण एक. त्या शब्दाचा मला वीट आलाय.

निघताना नानांनी विचारलं, "घरी कधी येशील?"

मी म्हटलं, "नाना, मी घरीच आहे."

त्यांना ते लागलं. लागू दे.