यमाच्या दारचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि सांगताना माझा आवाज मऊ होईल, अशी अपेक्षा तुम्हीही ठेवू नका.

कतारमध्ये, मेसईदच्या कंपनी क्वार्टर्समध्ये मी दर शुक्रवारी आमच्या मराठी मुलांना श्लोक शिकवायचे. कॉलेजातली इंग्रजी शिकवायची नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आले होते — दुसरं करणार काय? समोरच्या घरात केतकी. प्लांटवर इंजिनिअर, हातात हेल्मेट घेऊन शिफ्टला निघायची. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनींचं बरंय, वेळच वेळ!" सगळे हसले. तेव्हापासून ती मला डोळ्यांसमोर नको असायची.

एम.ए.ला शिकले होते — अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींत कडक धर्माची माणसं नरकाच्या कविता पोरांकडून पाठ करून घेत. घरोघरी. इतक्या का आवडायच्या त्या? यमक सोपं, भीती खरी, आणि म्हणणारं तोंड लहान. मी तेच केलं. स्वतः ओळी रचल्या आणि सांगितलं, माझ्या आजीच्या तोंडच्या आहेत.

टाकून लेकरू जी आई जाई,
यमाच्या दारी तिला पाणी नाही.

बघता बघता अल वक्रा, अल थुमामा, आसपासच्या सगळ्या वस्त्यांतल्या मराठी घरांत दिवेलागणीला पोरं हेच म्हणू लागली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी मुलं मराठी बोलतात म्हणून आया खूश. शब्दांकडे बघतंय कोण?

माझ्याच वर्गात येणारी केतकीची सहा वर्षांची मिहिका बघत होती. आई शिफ्टला निघाली की तिच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या कोंबायची — "मम्मा, देअर इज नो वॉटर देअर." एक दिवस केतकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. म्हणाली, "वहिनी, हे खरंच जुनं आहे का हो?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही? मी म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय." आणि — बोलूनच टाकते — मला बरं वाटलं.

तिने नोकरी सोडली. आता अल वक्र्याला राहते, तिथे मुलांचा वर्ग घेते. तो श्लोक तिला पटलाय. गेल्या शुक्रवारी मला पाहुणी म्हणून बोलावलं आणि "वहिनींच्या आजीचा" असं सांगून तोच शिकवायला घेतला. मुलांना चाल काही जमेना.

मी उठले आणि म्हणून दाखवली.