आईचं साल

बसच्या कपाळावर मराठी आकडा दिसला की मला अजून आमच्या घाटकोपरच्या चाळीचं ओल्या चुन्याच्या वासाचं ऑफिस आठवतं आणि डोकं फिरतं. चाळ पाडून टॉवर होणार होता, आणि जो चाळीत आधी राहायला आला त्याने नवं घर आधी निवडायचं असं ठरलं होतं. प्रत्येकाने आपण आलो ते साल मोबाईलवरून कळवलं. सेक्रेटरींच्या इंजिनिअर जावयाने ते सगळं तसंच कॉम्प्युटरवर घेतलं आणि सालाच्या रकान्याप्रमाणे ओळी लावणारा कोड लिहिला. यादी ऑफिसच्या भिंतीवर लागली तर नवी नवरी म्हणून या चाळीत आलेली माझी आई तळाला, गेल्या वर्षी खोली घेतलेल्यांच्याही खाली. तिच्या जोडीला चाळीतल्या आणखी म्हाताऱ्या. "माझं साल चुकलंय का?" आईने विचारलं. "साल बरोबर आहे काकू," जावई म्हणाला, "पण तुम्ही आकडे मराठीत टाकलेत. कॉम्प्युटर इंग्लिश आकडे आधी लावतो, मराठी सगळे नंतर. इंग्लिशमध्ये पाठवा ना, मी तरी काय करू?" आईने चष्मा पुसला आणि इंग्लिश आकडे पाठवले. नवी यादी निघाली, आई वर आली, आणि झालं ना काम, म्हणत सगळे चहाला गेले. आता मी स्वतः कोड लिहिते. मराठी साल नीट वाचून घ्यायला त्यात एक शब्द वाढवावा लागतो, बस. तेवढा लिहायचा त्या जावयाला कंटाळा, आणि बदलायचं कोणी, तर माझ्या आईने.